मैनाताईंचा चेहरा

मैनाताईंच्या तोंडावर दुसरं तोंड चिकटवलं, ते मी. तालुक्यात ही गोष्ट अजून हसत हसत सांगितली जाते आणि सांगणारे नाव पेंटरचं घेतात. म्हणून आधीच कबूल करतो. पेंटरचा त्यात काही दोष नव्हता.

सुदाम पेंटर आमच्या सेलूचा. रेल्वे फाटकाच्या अलीकडे त्याची एका दाराची खोली आहे. तेच दुकान, तेच घर. दाराला कवाड असूनही तो दिवसभर फक्त एक जुना पडदा सोडून बसतो. ब्रश पुसायला त्याने आयुष्यात कधी फडकं वापरलं नाही. डाव्या बाहीवर पुसायचा. त्यामुळे गावात कोणाचं काय चाललंय ते त्याच्या बाहीवर वाचता यायचं. हिरवा दिसला की कोणाची तरी जीप रंगली, पिवळा दिसला की शाळेची भिंत, आणि लाल-पांढरा दिसला की कोणी तरी नवा दवाखाना उघडला. आमची ही तर बाजारातून आली की सांगायची, "पेंटरच्या बाहीवर आज गुलाबी होता. लग्न दिसतंय कोणाचं तरी."

आणि त्याचं ते वाक्य: "वाळू द्या."

कशालाही हेच उत्तर. बोर्ड कधी मिळेल? वाळू द्या. निवडणुकीत कोण येईल? वाळू द्या. दोन भावांची बांधावरून मारामारी व्हायची वेळ आली, तेव्हा हा मधे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता लय ओलं हाय. हात लावला तर डाग पडंल. वाळू द्या." भाऊ इतके चिडले की दोघांनी मिळून यालाच ढकलून दिलं. त्यांचं भांडण मात्र तिथंच मिटलं.

माणसांना तो अक्षरांवरून ओळखायचा. सरपंच म्हणजे 'ठ', नुसतं पोट. पोस्टातले बाबू म्हणजे 'र', कुठंही टेकवा, पडायलाच आलेले. मी एकदा लाडात येऊन विचारलं, "आणि मी रे पेंटर?"

"तुमी शिरोरेघ, सर."

मी खूश. मग तो म्हणाला, "सगळ्यास्नी वरून एका रेषेत धरायचं. खाली कोण लोंबकळायलंय ते बघायचं न्हाई."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि आमच्या वस्तीतल्या विहाराच्या समितीचा चिटणीस. रेषेत धरणं हाच माझा धंदा. तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट शेळीची. पाथरीच्या एका जीपवाल्याला मागच्या बाजूला डरकाळी फोडणारा सिंह हवा होता. सुदाम म्हणाला, "म्या सिंह बघितला न्हाई."

"फोटो देतो की."

"फोटू बघून फोटू काढता येतो. सिंह न्हाई."

"मग तू बघितलेलं काय हाय रे बाबा?"

दुसऱ्या दिवशी जीपवर शेळी होती. पण काय शेळी! मान वर, दाढी वाऱ्यावर, डोळ्यांत असा रुबाब की पाथरी सुटली तरी मागचे मोटारसायकलवाले ओव्हरटेक करायला कचरायचे. जीपवाला आठवडाभर शिव्या देत होता. पुढे प्रवासी लांबूनच "शेळीची गाडी आली" म्हणून धावायला लागले, तसा तो गप्प झाला. ही गोष्ट मी वीस वर्षं टाळ्या घेत सांगितली. तिचा अर्थ मला कळला नव्हता, हे आता कळतंय.

मग फ्लेक्स आला आणि सुदामची बाही कोरी दिसायला लागली. त्याने कोणाला नावं ठेवली नाहीत. नवा फ्लेक्स लागला की जवळ जायचा, बोट लावून बघायचा आणि म्हणायचा, "हे वाळतच न्हाई. ओलं झालंच न्हाई कधी, तर वाळंल कुठून?"

खोलीत तो एकटाच. पोखर्णीला दिलेली एक बहीण, हौसाबाई, तेवढंच माणूस. दोन कप होते. एकात चहा, दुसऱ्यात ब्रश. मी कधी गेलोच तर तो मला कोरा चहा ब्रशच्या कपात द्यायचा. टर्पेंटाइनच्या वासाने माझं डोकं दुखायचं, म्हणून मी जाणंच कमी केलं. चांगला कप तो मला का देत नाही, हेही मी कधी विचारलं नाही. पुढे हौसाबाईने सांगितलं, चांगल्याचा कान तुटलेला होता. पाहुण्याला तुटका कप कसा द्यायचा?

दोन वर्षांपूर्वी मैनाताई गेल्या. भीमगीतं गाणाऱ्या मैनाताई. आमच्या पिढीत मराठवाड्यात असं घर नसेल जिथे त्यांची कॅसेट नव्हती. आम्ही विहारात अभिवादन सभा ठरवली. सुदाम आपण होऊन आला. "ताईचं चित्र मी देतो. मला काय नको."

तीन महिने तो खपला. जुन्या दुकानाचा प्लायवूडचा बोर्ड घेतला. जिनिंगमधून कापूस आणून तो निळ्या रंगात बुडवला आणि त्याची साडी केली. काठाला एसटीची जुनी तिकिटं एकाला एक जोडून लावली, कारण ताई आयुष्यभर एसटीने फिरल्या. हातात बांगड्यांच्या जागी फुटक्या हिरव्या काचा. माइकच्या जागी बॅटरीचं तोंड. आणि केस म्हणजे कॅसेटमधली काळी टेप. उलगडून, वळवून, बारीक खिळ्यांनी बसवलेली. वारा आला की केस हलायचे. मी बघतच राहिलो.

फक्त चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल होता. गुळगुळीत, घासून घासून चकचकीत केलेला.

"पेंटर, चेहरा?"

"वाळायलाय, सर."

सभेच्या दिवशी सकाळी चित्र मंचावर आलं, तेव्हाही गोल पांढराच. पेंटर अंघोळीला घरी गेलेला. अकराला प्रमुख पाहुणे येणार.  मला वाटलं, यानं वेळेत पुरं केलं नाही. मी धावत जाऊन पेपरातला फोटो मोठा करून फ्लेक्सवर काढून आणला, गोल कापला आणि चिकटवला. फोटोतल्या ताईंना स्वतःचे केस होते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लोंबणारी टेप मिशीसारखी दिसायला लागली. मी मंडपवाल्या वसंताला म्हणालो, "ते काढ." त्याने ओढून ओढून टेपचा गोळा केला आणि भिंतीपलीकडे फेकला.

सुदाम आला. मागच्या रांगेत उभं राहून त्याने चित्र बघितलं. मग मंचामागच्या पडद्याआड जाऊन बसला. हार घालून झाल्यावर पाहुण्यांनी चित्राचं कौतुक केलं, तशी मला फुशारकी आली. मी माइकवरून म्हणालो, "आमच्या पेंटरला फुरसत फार! मी नसतो तर आज बिनतोंडाच्या बाईला हार घालायची पाळी आली असती."

सगळे हसले. मीही हसलो. तो पडद्याच्या पलीकडे चार हातांवर होता.

त्यानंतर तो मला भेटला की "जय भीम, सर" म्हणायचा आणि पुढे जायचा. 'वाळू द्या' बंद. मला वाटलं, कलाकार माणूस, रुसला असेल.

महिन्याने हौसाबाई माझ्या दारात आली. बसली नाही. "सर, ती केसाची टेप कुठं टाकली?"

"कोणती टेप?"

"ताईच्या डोक्यावरली. त्यानं न्हाई पाठिवलं मला. त्याला ठाव न्हाई मी आले म्हून."

मग तिने उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं.

सुदाम विशीत असताना पाथरीला मैनाताईंचा दुपारचा कार्यक्रम होता. मंचावरच्या पडद्यावर ताईंचं नाव काढायचं काम याला मिळालं. पडद्यामागे ताई चहा घेत बसलेल्या. तिकडून आवाज आला, "कोण हाय पलीकडं? रंगाचा वास यायलाय."

"मी पेंटर, ताई."

"काय लिवायलास?"

"तुमचं नाव."

"मोठं काढ बाबा. माझ्या मायला वाचता येत न्हाई. मोठं आसलं की माझं हाय एवढं तरी कळतं तिला."

याने इतकं मोठं काढलं की कार्यक्रमाची वेळ झाली तरी अक्षरं ओलीच. ताई पुढे येऊन उभ्या राहायच्या होत्या. आता ओला रंग साडीला लागणार. ताई पडद्याआडूनच म्हणाल्या, "मागून धरून ठेव पडदा. वाळू दे." हा एका बाजूने मागे गेला, तोवर ताई दुसऱ्या बाजूने पुढे आल्या, आणि हा अख्खा कार्यक्रम पडदा मागे ओढून धरून उभा राहिला. समोर फक्त स्वतःचीच उलटी अक्षरं.

आमच्याकडे रीत अशी की गाण्यात कोणी दहाची नोट दिली की गाणारी त्याचं नाव घेते. सुदामजवळ दमडी नव्हती. तरी शेवटच्या गाण्याआधी ताई म्हणाल्या, "आणि ज्यानं माझं नाव एवढं मोठं काढलं, त्या सुदाम पेंटरचं नाव मी माझ्याकडून घेते."

तो शिडी आवरून पुढे येईपर्यंत ताईंची जीप निघून गेली होती.

"कुणीतरी तो कार्यक्रम टेप केल्ता," हौसाबाई म्हणाली. "वर्षभर मागं लागून त्यानं ती कॅसेट मिळवली. मशीन मोडंस्तोर ऐकली. सगळ्यांची नावं हा लिवायचा, सर. ह्याचं नाव कुणी घेतलं ते तेवढंच. मशीन मोडल्यावर म्हनला, डब्यात मुकी ठिवण्यापरीस ताईच्याच डोक्यावर देतो. आन् तोंड त्यानं बघितलंच न्हाई. न बघितलेलं काढंल कसं?"

शेळी आठवली. मी उंबऱ्यावर बसलो.

विहाराच्या भिंतीमागे सगळं झाडून नेलेलं होतं. एका बाभळीच्या काट्यांत टेपचा एक तुकडा अडकला होता, दोन हात असेल. काटे काढत काढत तो सोडवला. मग चित्रावरचा फ्लेक्स सोलायला गेलो, तर त्याच्याबरोबर पांढरा रंगही निघून आला. खाली नुसतं लाकूड.

टेप रुमालात घेऊन मी सुदामच्या दारापुढे उभा राहिलो. पडदा सोडलेला होता. काय बोलायचं ते वाटभर घोकत आलो होतो. ते सगळं विसरलं.

आतून आवाज आला, "कोण हाय पलीकडं?"

मी पडदा बाजूला केला नाही. मला तेवढा अधिकार वाटला नाही.

"मी, पेंटर. सुदामदादा, मी. तुम्ही पुरं केलेलं चित्र मी अपुरं समजलो. तुमच्या ताईंच्या तोंडावर तोंड चिकटवलं, तुमचं नाव भिंतीपलीकडे फेकलं आणि वर चार लोकांत तुम्हालाच हसलो. रविवारी विहारात माइकवरून हे सगळं सांगणार आहे, पण आधी तुम्हाला सांगायला आलो. चूक माझी होती. मला माफ करा."