भरमाप्पांची इंग्रजी मोट

भरमाप्पांचा मुलगा शामू परीक्षेसाठी सर्व्हिस मोटारीने बेळगावला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे बैल मोटेवर नुसते उभे राहिले. मानेवर जू होतं, मोट ओढणारा नाडा ताणलेला होता, मोट विहिरीत भरून तयार होती. पण बैल विहिरीपासून उतरत जाणाऱ्या धावेच्या वरच्या टोकाला रवंथ करत होते.

भरमाप्पांनी आपलं जुनं मोटेचं गाणं काढलं. त्या गाण्यावर त्यांच्या दोन बैलजोड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. या जोडीने मात्र कान हलवून माशा तेवढ्या उडवल्या. मग चुचकारून झालं, शेपट्या पिरगाळून झाल्या, शिव्याही देऊन झाल्या. बैल जागचे हलले नाहीत.

भरमाप्पांची पंचाईत निराळीच होती. शामूने परीक्षा पास होऊन बेळगावच्या इंग्रजी शाळेत जावं, असं त्यांच्या बायकोच्या, नागुबाईंच्या मनात होतं. "पोरगा गेला तर मोट कोन धरंल?" असं भरमाप्पांचं म्हणणं. शेवटी ठरलं, की शामू परतेपर्यंत भरमाप्पांनी एकट्याने मोट चालवून बघायची. चालली तर पोराची शाळा, नाहीतर मोट. आता भरमाप्पांचंच म्हणणं खरं ठरत होतं. पण त्याचा आनंद मानावा, तर समोर वांग्यांची रोपं उन्हात माना टाकत होती.

शेजारचा भावकू बांधावरून आला. "दिष्ट लागली, आप्पा. चिंचलीच्या जत्रंतनं आणलेली जोडी, लई जणांच्या डोळ्यांत भरल्या."

नागुबाईंनी मीठमिरच्या ओवाळून जाळल्या. बैल शिंकले, हलले नाहीत. मग भावकूला वाटलं, पोटात कळ असेल. त्याने हिंगाचं पाणी पाजलं. ते बैलांनी आवडीने पिऊन टाकलं आणि आणखी मिळतंय का, म्हणून त्याच्याकडे पाहिलं.

तोवर नागुबाई कपाळाला हात लावून विचार करत होत्या. एकाएकी त्या म्हणाल्या, "अवं, आपला शामू मोटंवर काय म्हणायचा?"

"मास्तरांनी दिल्यालं इंग्रजी घोकायचा. दुसरं काय?"

"मग ह्येंनी तरी दुसरं काय ऐकलंय?"

भरमाप्पांनी बैलांकडे पाहिलं. खोंडं होती तेव्हापासून ती शामूच्याच हाताखाली मोटेला लागली होती. धाव उतरताना शामू एक शब्द म्हणायचा, पाणी काठावरच्या थारोळ्यात पडताना दुसरा आणि बैल मागे सरकवताना तिसरा. बैलांच्या समजुतीने मोटेचं गाणं तेच होतं.

"म्हंजे आता मी बैलांसाठी इंग्रजी शिकू?"

"बैल शिकल्यात न्हवं? मग तुमाला काय झालं?" नागुबाई म्हणाल्या.

बैल अडल्याचं ऐकून दुपारच्या सुट्टीत शामूचे चिंतामणी मास्तर स्वतःच विहिरीवर आले. ते हसतील, अशी भरमाप्पांना धास्ती होती. मास्तर हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून फांदीला अडकवली आणि शामूला घोकायला दिलेले तीन शब्द पहिलीच्या पोराला सांगावेत तसे सावकाश सांगितले, "ड्रिंक म्हणजे पितो. ड्रँक म्हणजे प्यालो. हॅव ड्रंक म्हणजे पिऊन झालंय. भरमाप्पा, म्हणा बघू."

"एका पिण्याला एवढं सोंग कशाला?"

"आपणही पितो, प्यालो म्हणतोच की. म्हणा."

भरमाप्पा नाड्यावर बसले आणि ओरडले, "ड्रिंऽऽक!"

बैल असे सुटले, की भरमाप्पांचा पटका मागे उडाला. निम्मी धाव उतरली नाही तोच आनंदाच्या भरात त्यांना पुढचं आठवलं ते तिसरंच. "हॅव ड्रंक!"

बैल आज्ञाधारकपणे मागे सरकले आणि वर येणारी भरलेली मोट धपकन पुन्हा विहिरीत गेली.

"आरं पानी! पानी मागारी गेलं की रं!"

"असू द्या," मास्तर म्हणाले. "आधी प्यायचं, मग पिऊन झालं म्हणायचं. घाई नाही. पुन्हा."

पुन्हा झालं, आणखी पुन्हा झालं. एकदा मोट थारोळ्याशी आली आणि भरमाप्पांना शब्दच आठवेना. बैल खाली उभे, मोट वर लोंबकळत, भावकू बांधावर पोट धरून हसत. मास्तरांनी कुणालाच शब्द सांगू दिला नाही. "त्यांना आठवू दे. येतंय, येतंय, ओठांवर आलंय."

"ड्रँक!" भरमाप्पा गरजले. बैलांनी शेवटचं पाऊल टाकलं आणि पाणी थारोळ्यातून पाटात धावलं. नागुबाई वांग्यांच्या वाफ्यांत पाणी वळवायला, दारं धरायला पळाल्या.

निकाल लागल्यावर शामू परत आला तो पास होऊनच. पण संकेश्वरच्या मोटारतळावर बाजाराला आलेल्या भावकूने बैल अडल्याची निम्मी गोष्ट त्याला सांगितली होती. उरलेली ऐकायला तो थांबलाच नाही. धापा टाकत थेट विहिरीवर आला.

"आप्पा, मी न्हाई जात शाळंला. माझ्याबिगार मोट..."

"बाजूला सर. ड्रँक!"

पाणी खळाळून पडलं. शामू बघतच राहिला. वांगी तरारलेली होती.

"हॅव ड्रंक," भरमाप्पांनी बैल मागे घेतले आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "बघिटलंस? तुझ्यावाचून हितं काय बी अडत न्हाय. गुमान बेळगावला जायाचं." एवढं बोलून त्यांनी पटक्याच्या टोकाने डोळे पुसले.

दिवेलागणीला ते वांग्यांची पाटी घेऊन मास्तरांच्या दारात गेले. पाटी ठेवली, हात जोडले. "पोराला तुमी शिकिवलंसा ते तर हायच. पर मी म्हातारा हुकलो, तरी एकदा सुदीक वरडला न्हाईसा. ह्ये इसरनार न्हाय."

"अहो, मेहनत तुमची," मास्तर संकोचून म्हणाले. "आता तर मोट माझ्याशिवाय चालते."

भरमाप्पांनी मान हलवली, पण उठले नाहीत. उलट ओसरीवर मांडी नीट घालून बसले.

"बैलांचं तेवढ्यावर भागतंय, मास्तर," ते म्हणाले. "माझं भागत न्हाय. म्होरलं सांगा."