एका शेळीमागे चार बायका

सुलोचना आक्काकडे स्वतःची शेळी नव्हती. तरी थंडी सुरू झाली की संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती शेजारच्या गोठ्यातली पांढरी शेळी मागून आणायची आणि सड्यावर, वाडीवरच्या कातळाच्या माळावर, चारायला न्यायची. एकटी न्यायची नाही. पुढे शेळी, तिच्या दोरीला आक्का, मग ऐंशीच्या घरातली नमू आजी, मग सोबतीला एखादी पोरगी, आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी, पटकन नजरेत भरू नये अशी, कुणाची तरी सून. एका शेळीला चार बायका. शेळीसुद्धा मध्येच थांबून मागे बघायची.

त्या सुनेला दिवस गेलेले असायचे. आमच्याकडे पहिले तीन महिने ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. कुणाला सांगितलं की दृष्ट लागते. आणि आक्काचं म्हणणं असं की याच तीन महिन्यांत बाईला अंथरुणात घालून ठेवतात आणि तिची वाट लावतात, तिने चालायला हवं. आता चालायचं तर घराबाहेर पडायला हवं, आणि आक्का जिच्या दारात उभी राहिली तिच्याकडे गोड बातमी, हे वाडीतल्या कोंबड्यांनाही कळायचं. म्हणून आक्काने ही शेळीची युक्ती काढली. चौघींमध्ये नेमकी कोण, ते ओळखायचं नाही. नमू आजीवर कुणी संशय घेणार नाही, पण तिला गर्दीसाठी घ्यायची.

आक्का पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची आणि पोरांना घरून उचलून आणायची. आता साठी उलटली. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. हातखंब्यापासून आत येणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी, तिच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर. बोलणं असं ठाम, की तिच्याशी वाद घालणारा माणूस मध्येच स्वतःचं म्हणणं विसरायचा.

कुणाला दिवस गेलेत हे आक्काला त्या बाईच्या घोवाच्या आधी कळायचं. "फोडणी टाकली की अंगणात येऊन उभी राहते ती," आक्का म्हणायची. "घरात धूर नाय, गॅस हाय. मग बाहेर कशाला येते? झालं." दोन दिवसांनी ही दोरी घेऊन दारात हजर.

कुणी सासू म्हणाली, की अगो, आताच कुठे दीड महिना, चालली तर काही व्हायचं, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"पोटात पोर हाय का पाण्याचा हंडा? हिंदकळून सांडायला?"

नियमही तिचे तिनेच केलेले. ओझं उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही, पोट रिकामं ठेवायचं नाही, दुखलं किंवा अंगावरून गेलं तर सरळ दवाखाना. आणि चालायचं किती वेगाने, तर सासूला शिव्या देता येतील इतक्या. "शिव्या तुटायला लागल्या की समजायचं दम लागला. थांबायचं. बसायचं. शेळीकडे बघायचं." त्यामुळे सड्यावरच्या त्या काळपट कातळावर, पिवळ्या गवतातून, आमच्या वाडीतल्या सगळ्या सासवांचा उद्धार झालेला आहे. पोरं झाली, मोठी झाली, तरी आक्काला ती वाटेवरून आठवायची. हा बांधावरचा. ही वरच्या पाणंदीची. तो दाढी केलेला पोलीस भरतीला जातोय ना, तो चिरेखाणीपर्यंतचा.

गेल्या थंडीत आमच्या दारात ती आली.

आमच्या घरात आई, वहिनी आणि मी. दादा मुंबईत एका इमारतीवर वॉचमन आहे, गणपतीला आणि शिमग्याला येतो. वहिनीला त्याआधी दोनदा दिवस राहिले होते. पहिल्या वेळी ती लावणीला शेतात उतरली होती, दुसऱ्या महिन्यात गेलं. सगळे म्हणाले, वाकली म्हणून गेलं. दुसऱ्या वेळी आईने तिला खाटेवरून पाय खाली टाकू दिला नाही. जेवण खाटेवर, केस विंचरणं खाटेवर. तेही गेलं. तेव्हा सगळे म्हणाले, नशीब.

हे तिसरं. दीड महिना झाल्यावर मी तिला रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, नेहमीचं हलकं काम करू दे, फिरू दे, झोपवून ठेवू नका, आणि पंधरा दिवसांनी सोनोग्राफीला आणा. पण घरी आल्यावर आईने दोन्ही गोष्टी बदलल्या. फिरणं बंद, आणि एसटीचे धक्के नकोत म्हणून सोनोग्राफी पुढे ढकलली. वहिनी परत खाटेवर गेली.

आक्का दारात उभी राहून म्हणाली, "पाठव तिला."

आई म्हणाली, "आक्का, तू दुसरी बघ. माझी दोनदा पोळलीय."

"झोपवून ठेवलीस तेव्हा राहिलं काय?"

"चालून राहतं काय?"

"अगो, आपलं कलम एक पाऊल तरी चालतं काय? जागचं हलत नाय. तरी मोहर गळतो ना?"

आई माझ्याकडे वळली. "बाय, तू शिकतेस. तू सांग."

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे विजेचं बिल, गोळ्यांची तारीख, बँकेचा मेसेज, सगळं माझ्याकडे येतं. माझा विषय अर्थशास्त्र. बाईने चालावं की पडून राहावं हे त्यात नाही. पण डॉक्टरांचे शब्द मी ऐकले होते. मी हळूच म्हणाले, "डॉक्टर चालू दे म्हणाल्या होत्या." आई म्हणाली, "मग तूही सोबत जा. काय झालं तर तू जबाबदार." अशी मी शेळीमागे लागले.

पहिल्या दिवशी वहिनी शिव्या देईना. आक्काने दोनदा आठवण केली. वहिनी पुटपुटली, "नणंद आहे ना सोबत."

"तिचं काय? तिला पण उद्या सासू येईल. तिला सवय होऊ दे."

मग वहिनी हळूहळू सुरू झाली. आई भाजीत मीठ टाकून झाल्यावर परत कशी चाखते, दादाचा फोन आला की आधी स्वतः कशी घेते, आणि फोन वहिनीच्या हातात येईपर्यंत बोलण्यासारखं कसं काही उरत नाही. हे सांगताना ती मध्येच रडली. आक्काने चटकन दोरी ओढली. "थांब. रडताना चालायचं नाय. दम मोजता येत नाय." आम्ही चौघी गवतात बसलो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वहिनी हसायला लागली. दोन वर्षांत मी तिला तशी बघितली नव्हती. तिला भूक लागायची, झोप लागायची. एकदा ती सड्यावरून खाली बघत म्हणाली, "माझ्याच्याने ह्या वेळी होईल असं वाटतंय." आक्काने लगेच विषय बदलला. असलं बोलणं तिला चालायचं नाही.

आठवड्याभरात घोटाळा झाला. तो आमच्याच वाडीत होऊ शकतो. बायकांनी आक्कामागे चालणाऱ्यांची यादी केली. नमू आजी वगळली. वहिनी वगळली, कारण दोनदा गेलेलं असताना हिची सासू हिला बाहेर सोडणारच नाही, असं सगळ्यांचं ठाम मत. राहिले कोण, तर मी. कॉलेजात जाणारी, लग्न न झालेली. नळावर एका काकींनी आईला विचारलं, "पोरीला आक्का कधीपासून नेते गो? कॉलेज चालू हाय ना अजून?"

आईच्या हातातली कळशी तिथेच राहिली. माझं नाव वाचवायला तिने भर नळावर, दहा बायकांसमोर सांगून टाकलं की बाय नव्हे, सूनबाई. तीन महिने भरायला अजून वेळ होता. घरी येऊन ती मला म्हणाली, "तुझ्यापायी बोलावं लागलं." तेव्हा मला हसू आलं होतं. आक्कालाही आलं. "बघ, तुझी किंमत वाढली," ती म्हणाली.

बातमी फुटल्यावर आक्काने शेळी परत दिली आणि आम्ही उघडपणे चालायला लागलो. चालणं सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तेव्हा मी हट्टाने वहिनीला सोनोग्राफीला नेलं. दादा मुंबईत, म्हणून आत मीच गेले. वहिनी टेबलावर पडून छताकडे बघत होती. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग यंत्र बाजूला ठेवून त्या हळू आवाजात बोलल्या. वाढ आधीच थांबलेली होती. मापावरून गर्भ सात आठवड्यांचा दिसत होता. आता अकरावा चालू होता. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तिने काही केलं म्हणून झालेलं नाही हे. बहुतेक वेळा बीजातच काही चुकलेलं असतं. आता तिसऱ्यांदा झालंय, तर दोघांच्याही तपासण्या करायला हव्यात. तू शिकलेली आहेस. घरी नीट समजावून सांग."

मी एसटीत बोटांवर आठवडे मोजले. सातव्या आठवड्यात वहिनी खाटेवर होती. चालणं त्यानंतर सुरू झालं होतं.

घरी पोचल्यावर आई ओटीवर उभी होती, आणि अंगणात तीन-चार बायका. मी सांगितलं. आई म्हणाली, "चालवली. मी नको म्हणत होते."

"आई, त्याच्या आधीच," मी म्हणाले, "सातव्या आठवड्यात..."

"तू डॉक्टर झालीस काय?"

मी गप्प झाले. हे लिहितानाही मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते. चार बायका होत्या, आई रडत होती, आणि माझा आवाज तसाही कुणाला ऐकू जात नाही.

दवाखान्यातून सगळं आटोपून वहिनी परत आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आई तिला म्हणायची, "तुझ्याच पायांना चैन नव्हती." वाडीने आक्काला दार बंद केलं. कुणी भांडलं नाही. फक्त ती आली की घरात काहीतरी करपायचं, कुणाला तरी अंघोळ असायची. तिच्यासोबत चालून ज्यांना पोरं झाली त्या बायकाही काही बोलल्या नाहीत, आणि ती पोरं तिच्या घरासमोर क्रिकेट खेळत होती. आक्का बाहेर पडेनाशी झाली.

बाराएक दिवसांनी मी कॉलेजातून येऊन फाट्यावर उतरले, तर ती टपरीच्या आडोशाला उभी. वाळून गेल्यासारखी दिसत होती.

"कागद तुझ्याकडे हाय काय? डॉक्टरचा?"

फाइल माझ्या पिशवीतच होती. घरी ठेवली की आई ती कपाटाच्या मागे टाकायची.

"वाच."

कागद इंग्रजीत होता. मी वाचून एकेका ओळीचा अर्थ सांगितला. माप, आठवडे, तारीख. ती वाकून माझं बोट कागदावर कुठे फिरतंय ते बघत होती. संपल्यावर म्हणाली, "चालण्याचं काय लिहिलंय?"

"काहीच नाही लिहिलं, आक्का. चालणं सुरू व्हायच्या आधीच थांबलं होतं ते."

"पाठी बघ."

मी कागद उलटा केला. कोरा होता. तिने तो हातात घेऊन स्वतः बघितला.

मग आम्ही वाडीच्या रस्त्याने निघालो आणि ती बोलायला लागली. नेहमीसारखी ठासून नाही. एकोणिसाव्या वर्षी तिला दिवस गेले होते. दोन महिने. गौरीला माहेरी जायचं म्हणून सासूचं न ऐकता ती सडा ओलांडून चालत गेली. तिथे दुसऱ्या दिवशी गेलं. परत आल्यावर सासू एवढंच म्हणाली, चाललीस म्हणून. त्यानंतर कधी राहिलंच नाही. सासू मरेपर्यंत ते वाक्य घरात होतं, आणि नवरा त्यावर कधी काही बोलला नाही.

"पण तू तर सगळ्यांना सांगायचीस, चालल्याने काही होत नाही म्हणून," मी म्हणाले.

"सांगायची. मला कुठं माहीत होतं?" ती म्हणाली. "एकीला चालवायची आणि नऊ महिने देवाला हात जोडून बसायची. पोर झालं की वाटायचं, बघ, नाय होत. आठ दिवस बरं वाटायचं. मग परत वाटायचं, आणखी एकीचं बघू."

तिने कागद परत माझ्या हातात दिला.

"माझं पण असंच असेल काय गो? आधीच थांबलेलं?"

तिचा कागद कुठेच नव्हता. खोटं बोलायचं नव्हतं. "बहुतेक असंच असतं म्हणाल्या त्या," मी म्हणाले. "बहुतेक वेळा."

"बहुतेक," आक्का म्हणाली. बराच वेळ ती त्या एका शब्दाबरोबर चालत राहिली. आमच्या घराचा दगडी गडगा दिसायला लागला तशी ती थांबली.

"मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. वाचणारं कुणी नव्हतं. तिला सांगितलंस काय तू?"

"तिच्यासमोरच बोलल्या डॉक्टर."

"तिला काय ऐकू आलं असेल त्या वेळी? जा, आज सांग. तुझ्या आवशीला ऐकू जाईल असं सांग."

मी आत गेले. आई चुलीवर पाणी तापवत होती. वहिनी भिंतीकडे वळलेली. मी खाटेच्या कडेला बसून फाइल उघडली आणि वर्गात कधी वाचलं नसेल इतक्या मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या ओळीला माझा आवाज फाटला. आई म्हणाली, "आता कशाला ते?" मी थांबले नाही. सात आठवडे म्हणाले, मग सातवा आठवडा कधी भरला ती तारीख सांगितली, मग त्या तारखेला वहिनी कुठे होती ते सांगितलं. ह्याच खाटेवर होती, आई, आणि तू तिला पेज भरवत होतीस.

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

वहिनीने तोंड वळवलं नाही. थोड्या वेळाने तिचा हात मागे आला, फाइल चाचपडली, आणि कागदावर पालथा पडून राहिला.

"कुठली ओळ?" तिने विचारलं.

मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.