सावलीचा फरक

उन्हाळ्याच्या तोंडावर शासनाने निंबाळवाडीतली सगळी सावली जमा करून घेतली आणि ती वरच्या आळीला वाटली. खालची आळी तुलनेसाठी बिनसावलीची ठेवली. निवड चिठ्ठ्या टाकून झाली असल्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती.

द्वारका खरात खालच्या आळीतली. दारातला कडुनिंब हिरवागार, पण त्याच्याखाली रस्त्याइतकंच ऊन पडायचं. घरातही पडायचं. एका दुपारी तिचे सासरे, तात्या, बसल्या जागी कलंडले. द्वारकाने त्यांना पाठुंगळी घेतलं आणि वरच्या आळीत चुलतजाऊ शेवंताच्या ओट्यावर नेऊन निजवलं. तासाभराने तात्यांनी डोळे उघडले. मग ती त्यांना रोजच नेऊ लागली. तिचं बघून सगळी खालची आळी दुपारची वर जाऊन बसू लागली.

पावसाआधी मूल्यमापन आलं. पहिल्या साहेबांना सावली ठरल्याप्रमाणे पोचली का, एवढंच बघायचं होतं. त्यांनी शेवंताच्या ओट्यावरची सावली टेपने मोजली, ती पुरेपूर भरली, आणि योजना यशस्वी झाल्याचं सांगून ते चहा पिऊन गेले. नंतर आलेल्या मॅडमना मात्र सावलीने फरक पडला का, हे ठरवायचं होतं.

"वरच्या आळीत उन्हानं कोणी दगावलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे?"

"कुनीच न्हाई," द्वारका म्हणाली.

"म्हणजे फरक शून्य."

"आवो, आमी समदे वर जाऊन बसायचो, म्हनून वाचलो."

"तिथंच तुलना बिघडली."

"मग तात्यांना मरू द्यायचं व्हतं?"

मॅडमनी समजुतीने मान हलवली. "एकट्यानं काही सिद्ध होत नाही, ताई. निदान पाच-सहा तरी लागतात."

सावली निरुपयोगी ठरली. शासनाच्या माणसांनी ती वरच्या आळीतून गुंडाळून ट्रकमध्ये भरली. शेवंताने द्वारकाकडे न बघता ओट्यावरची तात्यांची वाकळ तेवढी तिच्या हातात दिली.

मॅडमची जीप तालुक्याची होती, त्यामुळे तिची सावली योजनेत धरलेली नव्हती. द्वारकाने तात्यांना तिथे नेऊन बसवलं. थोड्या वेळाने जीप सुरू झाली. तात्या काठी टेकत उठले आणि सावलीबरोबर चालू लागले. ड्रायव्हरने गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवली.

मॅडमनी काच खाली केली. "कसं वाटतंय, आजोबा?"

"बरं वाटतंय," तात्या म्हणाले.

द्वारका वाकळ घेऊन मागून चालली होती.