गाठीची भावकी

कोणतीही गाठ एकटी वाढत नाही. तिला भोवतालचा पाठिंबा लागतो. परंदवडीच्या झुंबरबाईंच्या पोटातल्या गाठीलाही तो होता. झुंबरबाईंना मिळण्यासारखं होतं ते एवढंच: तळेगावच्या एका इस्पितळात नव्या औषधाच्या चाचणीतली शेवटची उरलेली जागा आणि, औषध लागू पडलंच तर, नात अपेक्षाला शाळेत जाताना पाहण्याइतकी दोन-तीन वर्षं.

औषध अतिसूक्ष्म कणांचं. केसाच्या जाडीचे हजार भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढा एक कण. डॉक्टर ऋचांनी समजावलं, की हे कण गाठीवर तुटून पडत नाहीत. गाठीभोवतीच्या पेशी मुळात सालस; पण त्याच तिला रक्त पुरवतात, आडोसा देतात आणि शरीराच्या रक्षक पेशींना वाटेतच बसवून ठेवतात. कण या शेजाराला ताळ्यावर आणतात. (शेजाराच्या मनात वाईट काही नसतं. शास्त्राची अडचण तीच आहे.)

झुंबरबाईंचे यजमान हौशीरामभाऊ यांना लगेच उमगलं. "म्हंजी गाठीला हात न्हाई लावायचा. भावकीला समजवायचं."

डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसंच. अट एकच: मंगळवारी सकाळी नवाला, उपाशीपोटी. पाणी चालेल. उपास मोडला, तर जागा यादीतल्या पुढच्या रुग्णाला.

परंदवडीत माणूस मोठ्या कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवतात. मंगळवारी सातलाच अकरा घरांच्या अकरा वाट्या दारात हजर झाल्या. आंबीच्या कारखान्यातून रजा काढून आलेला मुलगा निलेश प्रत्येकीला अट सांगत होता. प्रत्येकीला ती पटली. सरुबाईंचं म्हणणं, उपास भाकरीनं मोडतो. दही म्हणजे दाट पाणीच. चंपाकाकूंनी साखर निम्मीच घातली होती (त्या हिशेबानं उपास निम्मा शाबूत). थोरल्या जाऊबाईंनी शकुन नाकारल्यावर काय काय होतं ते बोटांवर मोजून दाखवलं. त्यात गाठ फार खालच्या क्रमांकावर होती. झुंबरबाईंनी दोनदा हात मागे घेतला, तिसऱ्यांदा पुढे केला. आता एकीचं घेतलं आणि दुसरीचं परतवलं, हे भावकीत बसत नाही. म्हणून अकराही.

रक्ततपासणीनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, कुणी खाऊ घातलं?

"कुणी न्हाई, बाई," झुंबरबाई म्हणाल्या. "समद्यांचं मन राखलं."

जागा दुसऱ्याला गेली. संध्याकाळी अकराही घरं धीर द्यायला आली. चहा झुंबरबाईंनीच टाकला.

एकूण जमाखर्च असा: इस्पितळाचा एक अर्ज, निलेशची एक रजा, गावाचं मिळून पाऊण लिटर दही. उरलेलं सगळं झुंबरबाईंनी भरलं. हे वाचता वाचता ज्यांच्या ओठांवर 'आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत' असं आलं असेल, त्यांनी संकोच करू नये. दार उघडंच असतं. तोही खर्च झुंबरबाईंच्याच नावे पडेल.