झुंबररावांचा चुकलेला नेम

एका जंगलात, मुलांनो, लगोरीचा एक संघ होता. पाणवठा संघ त्याचं नाव. तो दर वर्षी हरायचा. कधी थोडक्यात हरायचा, कधी पोटभर हरायचा, पण हरण्यात त्याने खंड कधी पडू दिला नाही.

जंगलात लगोरी कशी, असं विचारू नका. विचारणारी मुलं मला आवडत नाहीत. शिवाय मी जुना गोष्टीवाला आहे, आणि नवा परवडला नाही म्हणूनच तुम्ही मला बोलावलंय, हे मला ठाऊक आहे. तेव्हा गप्प बसा आणि ऐका.

तर एका वर्षी संघाची सूत्रं कोल्हेसाहेबांकडे आली. कोल्हेसाहेब शिकलेले होते. शिकलेला प्राणी हरत नाही, तो पुनर्बांधणी करतो. मोसम संपला, उन्हाळा लागला, तशी साहेबांनी सभा घेतली.

"आपण भविष्याकडे बघायचं," साहेब म्हणाले. "तोवर रिकाम्या जागा जुन्या, अनुभवी खेळाडूंनी भरायच्या."

"जुनेच का?" एका सशाने विचारलं.

"स्वस्त पडतात. तरुण खेळाडू झाडावरची उंबरं मागतो. जुना खाली पडलेल्यांवर येतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सशानेही वाजवल्या.

मग भरती सुरू झाली. आधी तरस आला. तो जन्मापासूनच लंगडत चालायचा, त्यामुळे त्याचा पाय नेमका कधी दुखावला हे वैद्यालाही सांगता येईना. मग घुबडमामा आले. त्यांचं नाव मोठं होतं. सामने भरदुपारी असतात, हे त्यांना घेताना कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि शेवटी आले झुंबरराव वानर.

झुंबरराव एके काळचे नेमबाज. त्यांनी चेंडू मारला की लगोरीचे सातही दगड सात दिशांना जात, असं म्हणत. म्हणजे झुंबररावच म्हणत. बाकी ज्यांनी पाहिलं होतं ते आता जंगलात राहिले नव्हते.

त्यांची बायको सारजाबाई. ती घाटापलीकडच्या रानातली. ती लग्न होऊन आली तोवर झुंबररावांचा खांदा धरला होता आणि खेळ सुटला होता. तिने त्यांचा नेम कधी पाहिला नव्हता, फक्त ऐकला होता. रोज ऐकला होता.

बोलावणं आलं तेव्हा झुंबरराव शेपूट विंचरत बसले.

"अहो," सारजाबाई म्हणाली, "नाव नीट विचारलंत ना? दुसरा कुणी झुंबर असेल."

"या जंगलात झुंबर मी एकटाच."

"मग तुम्हालाच बोलावलंय. काय वेळ आलीय हो त्या संघावर!"

झुंबरराव हसले. ते काही खुळे नव्हते. आपली किंमत खाली पडलेली उंबरं, त्यातली निम्मी किडकी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खांदा सकाळी वर जात नसे आणि वर गेला तर खाली येत नसे. पण त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. एकदा, फक्त एकदा, सारजेच्या डोळ्यांदेखत लगोरी फोडायची. मग चेंडूला हात नाही लावला तरी चालेल. त्यासाठी त्यांनी किडकी उंबरंही गोड मानून घेतली.

मोसम सुरू झाला. झुंबररावांना साहेबांनी बाहेर बसवून ठेवलं. अनुभव हा बसून द्यायचा असतो, असं साहेबांचं मत होतं. संघातल्या खारी येऊन विचारायच्या, "आजोबा, तुमच्या वेळी चेंडू गोलच होता का?" झुंबरराव सांगायचे, "हो, पण आम्ही गोल नव्हतो." आणि पोटावरून हात फिरवायचे. खारी हसायच्या. झुंबररावही हसायचे. मनातून मात्र त्यांना फार वाईट वाटायचं.

असं करता करता शेवटचा सामना आला. समोर होता करवंदी संघ. तोही पाणवठ्याइतकाच हरलेला.

आता त्या जंगलात एक नियम होता. जो संघ सगळ्यांत खाली राहील, त्याला नव्या पिल्लांतून पहिली निवड करता येई. बिचाऱ्यांना तेवढाच आधार, म्हणून कुण्या दयाळू हत्तीने तो केला होता. आणि त्या वर्षी बिबळ्याला पिल्लं झाली होती. वाऱ्यासारखी पळणारी.

सामन्याआधी साहेबांनी सगळ्यांना झुडपामागे बोलावलं.

"आज हरायचं," ते हळूच म्हणाले. "पण सभ्यपणे हरायचं. नेम धरल्यासारखं करायचं आणि चुकवायचं. झुंबरराव, आज तुम्हीही खेळणार. चुकवायला अनुभवी हात हवा."

"साहेब, आज आमची मंडळी येणार आहेत बघायला."

"मग त्यांना जरा लांब बसवा."

झुंबररावांनी अख्खं आयुष्य ज्या एका दिवसाची वाट पाहिली, तो आला होता, आणि येताना असा आला होता.

पहिला डाव करवंदी संघाचा. पुनर्बांधणी त्यांच्याकडेही चालू होती, त्यामुळे त्यांनाही हरायचंच होतं. त्यांच्या म्हाताऱ्या अस्वलाने चेंडू मुद्दाम आभाळात फेकला. तो वडाच्या फांदीवर आपटला, खाली आला आणि बरोबर लगोरीवर पडला. दगड उधळले. अस्वलाने कपाळावर हात मारून घेतला.

आता दगड पुन्हा रचायचे. रचणाऱ्यांना चेंडू मारून बाद करायचं काम पाणवठ्याचं. पण पाणवठ्यातलं कुणी जागचं हलेना. पंच होता धनेश पक्षी. तो फांदीवरून डोळे वटारून बघत होता, म्हणून करवंदीवाल्यांना नाइलाजाने दगड रचावे लागले. लगोरी झाली. त्यांच्यात अगदी सुतकी शांतता पसरली.

मग पाणवठ्याचा डाव. तरसाने चेंडू पायावर पाडून घेतला. घुबडमामांनी तो थेट मागच्या बाजूला, प्रेक्षकांत फेकला. साहेब खूश झाले. मामांनी तो मनापासून लगोरीवर मारला होता, हे फक्त मामांना माहीत.

शेवटी उरले झुंबरराव आणि तीन चेंडू. त्यांनी वर पाहिलं. अंजनीच्या झाडावर, सगळ्यांत पुढच्या फांदीवर सारजाबाई बसली होती. तिने ठेवणीतलं फूल कानामागे खोचलं होतं.

गेलं ते भविष्य उडत, झुंबरराव मनात म्हणाले. आणि त्यांनी खराखुरा नेम धरला.

पहिला चेंडू लगोरीपर्यंत पोचलाच नाही. दुसरा पंचाला लागला. धनेश फांदी बदलून बसला.

तिसऱ्या वेळी झुंबररावांनी डोळे मिटले, दातओठ खाल्ले, खांद्याला शपथ घातली आणि होतं नव्हतं ते बळ लावून चेंडू मारला. चेंडू गेला. वरच्या दगडाला निसटता घासून गेला. दगड डुगडुगला. सगळं जंगल श्वास रोखून बघत राहिलं. दगड आणखी एकदा डुगडुगला आणि जागेवर बसला.

पाणवठा संघ हरला.

"वा!" कोल्हेसाहेब ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अहो, लांबून कुणीही चुकवेल! पण इतक्या जवळून चुकवायचं, दगडाला हात लावून सोडून द्यायचं! याला म्हणतात नेम!"

संघाने झुंबररावांना खांद्यावर घेतलं. अस्वल येऊन त्यांच्या पाया पडलं. पुढच्या मोसमासाठी साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे प्रशिक्षक नेमलं, आणि तेही झाडावरच्या उंबरांवर. बिबळ्याची पिल्लंही मिळाली. त्यांनी पहिल्याच दिवशी संघाकडे अशा नजरेने पाहिलं की सशाने घरगुती कारणास्तव राजीनामा दिला.

सामन्याच्या दिवशी सांजेला झुंबरराव फांदीवर मान खाली घालून बसले. सारजाबाई त्यांच्या डोक्यातल्या उवा वेचत होती.

"सगळे म्हणतायत, तुम्ही मुद्दाम चुकवलंत," ती म्हणाली.

झुंबररावांना हो म्हणता आलं असतं. पण आज त्यांना थापा मारवेनात.

"नाही गं," ते म्हणाले. "जीव तोडून मारला होता."

सारजाबाईने आणखी एक ऊ वेचली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मुद्दाम चुकवणाऱ्याला एवढा घाम फुटत नाही."

"मग?"

"मग काय? दगड हलवलात की तुम्ही. मला वाटलं होतं, तेवढंही जमायचं नाही." तिने कानामागचं फूल काढून त्यांच्या कानामागे खोचलं. "फक्त त्या कोल्ह्याला सांगू नका. ताज्या उंबरांची सवय लावून घ्यायचीय मला."

तात्पर्य: मुलांनो, नेम जरूर धरा, पण अशाच संघात जाऊन धरा, जिथे हरण्याचा हुकूम आधीच निघालेला असेल. तिथे तुमच्या चुकीला चूक म्हणत नाहीत, धोरण म्हणतात. आणि ही गोष्ट तुम्हाला आवडली नसेल, तर मी ती मुद्दाम बिघडवली होती.