संशयाक जागा आसा

आमच्या काळाचौकीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे शंकर धुरी बाहेरून आले की आधी उंबऱ्यावर बसत, पायांतले मिलिटरी बूट काढत, जुन्या वर्तमानपत्रावर उलटे करत आणि त्यांतून पडलेली वाळू चिमटीत धरून तिचा वास घेत. वासाने समाधान झालं नाही तर दोन कण जिभेवर ठेवून बघत. मग ती वाळू चहाच्या रिकाम्या डब्यात जाई, डब्यावर पेन्सिलीने तिथी लिहिली जाई आणि दार लागे. दारानंतर कडी, कडीनंतर अडसर, आणि अडसरानंतर आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज.

मी चाळ कमिटीचा सेक्रेटरी. असा माणूस माझ्या चाळीत राहतो ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपत होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

धुरी चाळिशीचे, मालवणकडचे, काटकुळे. लढाईत लष्करात होते. परत आल्यावर लालबागच्या एका बोळात मोटारसायकली दुरुस्त करायचं खोपटं टाकलेलं. घरात दुसरं माणूस नाही. चारचौघांत ते आमच्यासारखंच मराठी बोलत. पण मनातलं काही बाहेर पडायचं असलं की मालवणी उसळून येई. आणि त्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच वाक्य असे, “संशयाक जागा आसा.”

दूधवाल्याने भांड्यात दूध ओतलं की ते भांडं उजेडाकडे धरत. “संशयाक जागा आसा.” ऊन पडलं की छत्री घेऊन निघत. “संशयाक जागा आसा.” डॉक्टरांनी एकदा मलेरिया आहे असं सांगितलं, तर यांनी विचारलं, “कोणाच्या सांगण्यावरून?” आमच्याकडच्या सत्यनारायणाचा शिरा तळहातावर घेऊन त्यांनी माझ्या बायकोला, “वहिनी, रवा कुठच्या दुकानातला?” असा प्रश्न केला. तेव्हापासून आमच्या घरात धुरींचं नाव निघालं की ताटं जरा जोरात आपटत.

त्यांची एक खाकी मोटारसायकल होती, लष्कराच्या लिलावातून आणलेली. ती चाळीच्या दाराशी उभी असे. तिच्या दोन्ही चाकांना गोणपाट गुंडाळलेलं. का, तर टायरात हवा किती आहे ते कुणाला दिसू नये! आणि इंजिनाचा प्लग काढून सदऱ्याच्या खिशात. सकाळी संडासाच्या रांगेत उभे असतानाही डब्याबरोबर प्लग असायचाच.

पण हे सगळं एक वेळ चाललं असतं. चाळीत विक्षिप्त माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. खरी गोम होती ती त्यांच्या वेळांत. माणूस एक तर पहिल्या पाळीला जातो, नाही तर दुसऱ्या, नाही तर रात्रपाळीला. धुरी आज सहाला बाहेर पडत, उद्या पावणेसातला, आठवड्याने पाहावं तर भर दुपारी बाराला. दीड-दोन तासांनी परत. दुकान उघडं टाकून, गिऱ्हाईक बसवून ठेवून जायचे. विचारलं तर म्हणायचे, “काम होतं.”

आणि दिवस कसले होते! संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. लालबागच्या नाक्यावर पोलिसांच्या निळ्या गाड्या ठाण मांडून. घराघरात अश्रुधुरासाठी भिजवलेले पंचे तयार. आमच्या चाळीतून मोर्चा निघायचा म्हणजे जिन्यावर पोरंटोरं, म्हातारे, बायका सगळे. त्याच सुमाराला असं झालं, की आमची गुप्त बैठक ठरली आणि बैठकीच्या आधीच पोलीस दारात. एकदा नव्हे, तीन वेळा. आमची चार माणसं आत गेली. कमिटीचे अध्यक्ष नलावडेअण्णा म्हणजे साताऱ्याकडचे, गिरणीत कामगारांवर जॉबर, इतके दणदणीत की नुसती मान हलवली तरी आवाज यायचा. ते मला म्हणाले, “सेक्रेटरी, चाळीत खबऱ्या हाय. आन् त्यो तिसऱ्या मजल्यावर हाय.”

मला तेच हवं होतं. मी एक वही केली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात ‘धुरी : जाणे-येणे’ असा मथळा घातला आणि पंधरा दिवस खिडकीच्या पडद्याआडून नोंद ठेवली. मी ऑफिसात गेलो की बायको लिहायची. शिरा ती विसरली नव्हती. पंधरा दिवसांनी मी आकडे मांडले आणि अंगावर काटाच आला. हा माणूस दररोज कालच्यापेक्षा पाऊण तास उशिरा बाहेर पडत होता. रोज पाऊण तास! एवढी शिस्त सरकारी कटाशिवाय कुठे असते?

बैठक आमच्याच दारासमोरच्या गॅलरीत भरली. ठराव मी लिहूनच आणला होता. धुरींशी चाळीने बोलणं बंद करावं आणि महिन्याभरात खोली खाली करायला लावावी. मुंबईत खोली गेली म्हणजे माणूस उघड्यावर आला, हे मला कळत होतं. तरीही लिहिताना मी शब्द चांगले शोधत होतो, ही लाज सांगायलाच हवी.

मी वेळा वाचायला लागलो. “सोमवार, सहा. मंगळवार, पावणेसात. बुधवार, साडेसात...” तेवढ्यात जिन्यात पाटी टेकवून बसलेली आमची हिराबाई कोळीण म्हणाली, “सेकरेटरी, सुकतीचा टाइम कनाला वाचतंस?”

“कसला टाइम?”

“अरं, सुकतीचा. ओहोटीचा! सोमवारी आवस व्हती. आवशीला सकाली सा वाजता दरया सुकतंय, मंग रोज पाऊन घंटा म्होरं. यो मानूस खबऱ्या कसला, यो तं दरयावं जातंय!”

बुटांतली वाळू आम्ही सगळे रोज बघत होतो, ती कुठून येते हे एकानेही विचारलं नव्हतं. नलावडेअण्णांनी घसा साफ केला. “दर्यावर कशापायी जातोय? दारू उतरवाया?” दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे संशयाने नुसती कूस बदलली. ठराव आठवडाभर पुढे ढकलून, प्रत्यक्ष पाहणी करायला अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांनी जावं असं ठरलं.

त्या रविवारी ओहोटी सकाळी अकराच्या आसपास होती. आम्ही दोघं प्रभादेवीच्या किनाऱ्यावर एका उलथ्या होडीमागे दबा धरून बसलो. धुरी आले. गोणपाटं सोडली. टायर चिमटून पाहिले, थोडी हवा सोडली, पुन्हा चिमटले. वाळूवर वाकून, बोटं खुपसून, पन्नास पावलं चालून आले. मग गाडी सुरू केली.

मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. किनाऱ्यावर कुणा शेटजींची दोन मुलंही नव्याकोऱ्या गाड्या घेऊन आली होती. ती सीटवर बसून, हँडल गच्च आवळून, नजर पुढच्या चाकावर ठेवून निघायची. भुसभुशीत वाळू आली की घाबरून वेग कमी करायची, आणि वेग कमी केला की चाक रुतलंच म्हणून समजा. धुरी पायदानांवर उभे होते. गुडघ्यांत टाकी दाबलेली, अंग मागे, हात इतके सैल की पुढचं चाक डावी-उजवीकडे भरकटतंय आणि हे त्याला भरकटू देताहेत. नजर पार लांब, त्या टोकाच्या खडकांवर. वाळू मऊ लागली की ती पोरं वेग कमी करत, हे वाढवत. आणि एकदा गेले त्या चाकोरीतून दुसऱ्या फेरीला जात नसत. हातभर बाजूने, नव्या वाळूवरून. पोरं दोनदा आपटली. धुरी खडकांपाशी वळून, वाळूचा पंखा उडवत, थेट आमच्या होडीशी येऊन थांबले.

“बाहेर या, सेक्रेटरी. अण्णा, तुम्हीपण. तुमचा पटका दिसतोय.”

आम्ही कपडे झटकत उठलो. नलावडेअण्णांना राहवलं नाही. “धुरी, ह्ये कसं जमतं वो? ती पोरं तर रुतून बसल्याती.”

धुरींनी आजूबाजूला पाहिलं. दोन्ही पोरं लांब आहेत याची खात्री करून घेतली, तरीही आवाज खाली आणला. “ती पोरं वाळूवर भरवसा ठेवतात. काल इथे घट्ट होती म्हणून आज घट्ट असेल, समजतात. वाळूवर इश्वास ठेवूचो नाय. पण तां तिका कळूक देवचा नाय. तुम्ही घाबरून हात आवळलात, की तिला कळलं.”

परत निघताना मी शरमेने वेळांचं सगळं सांगून टाकलं. खबऱ्याचं, अटकांचं, ठरावाचंही. धुरी रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “सेक्रेटरी, खाली जिन्यापाशी फळा आहे, त्यावर कोण लिहितो?”

“मी.”

“गुप्त बैठक, अमुक वार, अमुक वेळ, सभासदांनी वेळेवर हजर राहावं. असंच ना?”

नियमाप्रमाणे बैठकीची सूचना तीन दिवस आधी फळ्यावर लावावी लागते. मी ती प्रत्येक वेळी रंगीत खडूने, ‘गुप्त’ या शब्दाखाली दोन रेघा मारून लावली होती. नलावडेअण्णा लालबागपर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालले.

ठराव फाडला. पुढे दीड महिन्याने उपनगरातल्या एका किनाऱ्यावर मोटारसायकलवाल्या बड्या लोकांनी शर्यत लावली, तिला सबंध चाळ लोटली. धुरी त्या लिलावातल्या गाडीवर पहिले आले. दुसरा आला तो अर्ध्या फेरीने मागे. चांदीचा म्हणून मिळालेला कप त्यांनी तिथेच नखाने खरवडून पाहिला आणि मान हलवत माझ्याकडे दिला. आमच्या घरात मात्र त्या दिवशी शिरा झाला, आणि बायकोने रव्याच्या दुकानाचं नाव आधीच सांगून टाकलं.

त्याआधीची एक गोष्ट मात्र राहिली. ठराव फाडला त्याच दिवशी मी वही बंद केली होती. चौथ्या दिवशी धुरी माझ्या दारात उभे. चेहरा लाल.

“बंद कित्याक केलात?”

“काय?”

“लिहिणं. पंधरा दिवस पडदा हलत होता. तीन दिवस झाले, हलत नाही.”

मी ओशाळून म्हणालो, “अहो धुरी, संशय फिटला.”

“फिटला म्हणून सोडून द्यायचं?”

मग उंबऱ्यावरच उभं राहून त्यांनी सांगितलं. लढाईत ते मिसरच्या वाळवंटात डाक पोचवणारे मोटारसायकलस्वार होते. निघताना एक क्लार्क वेळ लिहून घ्यायचा, परतल्यावर वेळ लिहायचा. वेळेत आला नाही तर शोधायला गाडी सुटायची. एके दिवशी तो क्लार्क आजारी पडला, आणि त्याच्या जागी आलेल्याने लिहिलंच नाही. त्या दिवशी धुरी पडले. पाय गाडीखाली. दोन दिवस ते तिथे होते. “मी गेलोय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, सेक्रेटरी. शोधणार कोण?” मग माझ्या पडद्याकडे बोट दाखवून, “तुम्ही पंधरा दिवस लिहीत होतात. मी पंधरा दिवस घड्याळ बघून वेळेवर परत येत होतो.”

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना चाळीतून काढायला लिहीत होतो, आणि आपली कुणीतरी वाट बघतंय या समजुतीने हा माणूस घरी येत होता. मी पुन्हा लिहायला लागलो.

शर्यतीनंतरचा एक रविवार. वहीत जाणे साडेदहा. बारापर्यंत परत यायला हवे होते. साडेबारा झाले. एक वाजला. बायको म्हणाली, “जेवून घ्या, येतील.” मी पानावर बसलो आणि उठलो. चप्पल कशी अडकवली, बस कशी पकडली, मला आठवत नाही. डोळ्यांसमोर एकच, गाडीखाली पाय.

प्रभादेवीला भरती चढायला लागली होती. गाडी स्टँडवर धडधाकट उभी होती. शेजारी धुरी मांडी घालून बसले होते.

“काय झालं? काय तुटलं?”

“काही नाही.”

“मग इतका वेळ?”

ते समुद्राकडे बघत म्हणाले, “लिहिणारा येतोच असं नाही. लिहून जेवायला बसणारेही असतात. बघायचं होतं.”

मग मात्र माझा तोल सुटला. उपाशीपोटी, उन्हातान्हात, जीव टांगणीला लावून धावत आलेल्या माणसाच्या तोंडून जे जे निघू शकतं ते सगळं निघालं. धुरींनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर विचारलं, “जेवलात?”

“नाही!”

ते उठले आणि गाडीच्या पिशवीतून डबा काढला. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बांगड्याची चटणी, कांदा. फडकं पसरून ते वाढू लागले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भाकऱ्या चार होत्या, कांदे दोन, आणि डब्याच्या तळाशी ताटल्याही दोन होत्या.