दामूदादाचा मागणीअर्ज

दामूदादाच्या हातात कुणी देणगीचं पाकीट ठेवलं, की तो ते आधी देणाऱ्याच्याच खिशात परत कोंबतो आणि विचारतो, "ते र्‍हाऊ दे. तुला काय पायजे, ते सांग पयलं."

माणूस गडबडतो. तो द्यायला आलेला असतो. इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो, कधी सोबत फोटो काढायला मेहुणाही आणलेला असतो. "मला काही नको दादा, देवाच्या कृपेनं सगळं आहे," असं तो म्हणतो. यावर दादाचं उत्तर ठरलेलं. "मंग जा घरी. आठवलं का ये."

भिवंडीजवळच्या राहनाळला दादाची तीन गोदामं आहेत. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा लेंगा आणि हाफ शर्ट, पायात रबरी चपला. कुणी 'अहो दादा' म्हणालं तर तो मागे वळून बघतो, की कुणी दुसरा आलाय का. मी भिवंडीतल्या एका शाळेत मास्तर, वयानं त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण मीसुद्धा त्याला अरे-तुरेच करतो.

आपल्या तालुक्यातल्या लोकांनी मिळून एक निधी उभा करावा, त्यातून आपल्याच लोकांच्या अडचणी भागवाव्यात, ही कल्पना खरी माझी. हेतूही सांगून टाकतो. वर्तमानपत्रात नाव यावं, हा होता. दादानं माझी कल्पना ऐकली, पसंत केली आणि तिचं पार दुसरंच काहीतरी करून टाकलं.

"मास्तर, आपल्याकडं सावड असायची," तो म्हणाला. "आज माज्या शेतावर सगळ्यांनी राबायचं, उद्या तुज्या. त्यात देणारा कोन आन् घेणारा कोन? संस्था करायची तर तशी."

मग संस्थेच्या घटनेत त्यानं कलम घातलं: जो देईल त्यानं स्वतःसाठी एक तरी गोष्ट मागितली पाहिजे, आणि जो घेईल त्यानं एक तरी गोष्ट दिली पाहिजे. मागणीअर्ज भरल्याशिवाय कुणीही विश्वस्त होणार नाही. नोंदणीला गेलो तेव्हा तिथल्या कारकुनानं ते कलम दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"आजोबा, तुम्ही देणगीदार की लाभार्थी?"

"दोनी."

"दोन्ही कसं चालेल?"

"सायबा, तू घरी जेवतोस का वाढतोस?"

कारकुनानं शिक्का मारला. त्यानं जाता जाता स्वतःसाठीही एक अर्ज मागून घेतला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

यंत्रमाग कारखानदार युनूसशेठ तीनदा पाकीट घेऊन आले आणि तीनदा परत गेले. चौथ्यांदा दार लोटून घेत हळूच म्हणाले, "दादा, हसना मत. खाडी के किनारे पैदा हुआ, साठ का हो गया, मेरे को तैरना नहीं आता." दादा हसला नाही. पुढचा महिनाभर गावच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधलेले युनूसशेठ आणि काठावरून ओरडणारा दादा, हे दृश्य बघायला शिफ्ट सुटलेले कामगार थांबायचे. "पाय मार, शेठ! पाय! कारखान्यात हात लई मारलेस!"

एका बिल्डरनं 'माझ्या कविता शेवटपर्यंत ऐकणारा माणूस' मागितला. दादानं मला पाठवलं. बावीस कविता होत्या.

माझा अर्ज सांगायचा राहिला. मी आधी 'थोरामोठ्यांचे आशीर्वाद' असं लिहिलं होतं. दादानं तो कागद फाडला. दुसऱ्या कागदावर मी खरं लिहिलं. आईच्या आजारपणात सगळं थोरल्या भावावर टाकून मी परीक्षांचं निमित्त सांगत राहिलो होतो. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं. मी लिहिलं, 'भावाला फोन करायचा आहे. शेजारी कुणीतरी बसावं.' दादा आला, बसला. मी फोनवर रडत होतो तेवढा वेळ तो माझ्या घरच्या शेंगा सोलून खात होता. जाताना फक्त म्हणाला, "खारट हायेत."

एवढं सगळं त्यानं प्रत्येकाला विचारलं. त्याला मात्र कुणीच विचारलं नाही. नोंदणीच्या आदल्या दिवशी फाईल लावताना अध्यक्षांचा, म्हणजे दादाचाच, अर्ज कोरा दिसला. मी सचिव. मी विचारायला हवं होतं. पण मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर एवढ्या खंबीर माणसाला काही हवं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या नावापुढे मीच लिहून टाकलं, 'काही नको.'

संस्थेच्या निधीतली पहिली मदत दिघाशीजवळच्या पाड्यावर गेली. तिथल्या सोमीबाईनं घरघंटी मागितली होती. पाड्यातल्या बायका दळणाची पिशवी डोक्यावर घेऊन लांब चालत जायच्या, आणि सोमीबाईचे गुडघे आता ऐकत नव्हते. आम्ही टेंपोतून घरघंटी घेऊन गेलो. सोमीबाई दादाच्याच वयाची. तिनं यंत्राकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"जो देतो तो बी मागतो, असं तुमी बोललेले. मंग या दादानं काय मागलं?"

फाईल माझ्या हातात होती. खोटं बोलायची सोय नव्हती. मी वाचलं, "काही नको."

"काय न्हाय?" सोमीबाईनं घरघंटीवरचा हात काढून घेतला. "मंग मला पन काय नको. न्या तुमची घंटी."

मागे उभ्या असलेल्या बायका कुजबुजल्या. एकजण कळवळून म्हणाली, "अगं सोमे, घे ना!" सोमीबाई हलली नाही. टेंपोवाला माझ्याकडे बघायला लागला. "दादा, ते मी लिहिलं," मी म्हणालो. "तुला न विचारता. चुकलं माझं."

दादानं माझ्याकडे बघितलंही नाही. तो सोमीबाईच्या झोपडीमागच्या खाचराकडे बघत होता. तिथं भाताची रोपं वीतभर झाली होती.

"तुजी लावणी कवा?" त्यानं विचारलं.

"आईतवारी."

"मला बोलवशील?" त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला. "माजी सगळी जमीन गोदामाखाली गेली. पैसा बक्कळ आला. माजी बायको मंजुळा, लावणीला माज्या बाजूलाच असायची. ती बोलायची, एक खाचर तरी ठेवा. न्हाय ठेवलं. ती गेली, त्याच्या आधीपासून हात चिखलात गेला न्हाय."

सोमीबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कंबर वाकल का?"

"वाकल."

"सकाळी लवकर ये. उशीर केलास तर परत पाठवीन." मग ती टेंपोवाल्याला म्हणाली, "उतरव रं घंटी. सांभाळून."

रविवारी मीही गेलो. लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून दादा रांगेत उतरला. सुरुवातीला हात अडखळले, मग सरावल्यासारखे चालू लागले. पण लावताना तो डाव्या अंगाला एका माणसाएवढी जागा सोडत होता. शेजारची बाई सरकून जवळ आली, की तोही नकळत सरकायचा. ती जागा तशीच मोकळी.

मी बांधावरून सांगणार होतो, दादा, तिथं राहिलंय. सोमीबाईनं मला हातानंच गप्प केलं. कमरेवर हात ठेवून तिनं जरा वेळ बघितलं. मग रोपांची एक जुडी उचलली, दुखऱ्या गुडघ्यांनी चिखलात उतरली, आणि त्या जागेत वाकून लावायला लागली.